नीलारुणी रोग, प्रतिपिंडजन्य

रक्तातील बिंबाणूंविरुद्ध (प्लेटलेटांविरुद्ध) शरीरातच प्रतिपिंडे निर्माण झाल्याने होणारा रक्तस्रावी विकार. बिंबाणू एकमेकांना चिकटून रक्तवाहिनीची जखम बुजवितात. निरोगी रक्तात त्यांची संख्या दर घ. मिमी.मध्ये सु. १·५ ते ४ लाख असते. ती फार घटल्यास त्वचेवर जांभळे ठिपके उमटतात व हिरड्यांतून रक्त येते.

जर्मन वैद्य पाउल गोटलीप व्हेर्लहोफ यांनी १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. प्राग येथे १९१६ मध्ये पाउल काट्सनेल्सन यांच्या सूचनेवरून एका रुग्णाची प्लीहा (पानथरी) काढल्यावर बिंबाणू वाढले. तरीही मूळ दोष प्लीहेत, अस्थिमज्जेत की रक्तात, हा वाद राहिला. सेंट लूइस येथे १९५० मध्ये विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे सु. ५०० मिलि. रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांचे बिंबाणू जवळजवळ नाहीसे झाले व त्यांना झटका आला. काही दिवसांनी ते बरे झाले. रुग्णांचा रक्तद्रव दिलेल्या अनेक स्वयंसेवकांतही बिंबाणू घटले. हा घटक प्रतिपिंड असल्याचे पुढे ठरले. प्रतिपिंड चिकटलेले बिंबाणू मुख्यतः प्लीहेतील महाभक्षी कोशिका नष्ट करतात; प्लीहा काढण्याचा गुण त्यामुळे उलगडला.

बिंबाणूंच्या पृष्ठभागावरील २बी–३ए ग्लायकोप्रथिन हे या प्रतिपिंडांचे प्रमुख लक्ष्य असल्याचे १९८२ मध्ये दिसून आले. त्यालाच फायब्रिनोजेन जोडले जाऊन बिंबाणू एकत्र येतात. काही प्रतिपिंडे ही जागा अडवितात. तेव्हा संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव होतो. म्हणून केवळ गणनेवरून धोका ठरविता येत नाही.