पिशवी न काढता

देवगाव रंगारीपासून बीडपर्यंत मराठवाड्यात गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. पाळीत फार रक्त जाऊ लागले, की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. दुसरा मार्ग नव्हताच का?

पाळीत गर्भाशयाच्या अस्तराचा वरचा थर गळतो. स्नायूला चिकटलेला तळचा थर राहतो आणि त्यातून अस्तर पुन्हा वाढते. कापलेले गवत मुळापासून फुटते, तसेच हे. तेव्हा पिशवी ठेवून फक्त अस्तर मुळासकट नष्ट करता येईल का?

१९३७ मध्ये जर्मनीत बार्डेनहॉयर यांनी विजेने अस्तर भाजून पाहिले. १९६७ मध्ये काहान आणि ब्रॉकुनियर यांनी ते गोठवले. पण काम आंधळेपणाने करावे लागे. उथळ भाजले तर अस्तर पुन्हा वाढणार, खोल गेले तर गर्भाशयाला भोक पडणार!

१९८१ मध्ये अमेरिकेत गोल्डरॅथ यांनी दुर्बिणीतून पाहत लेसरने अस्तर जाळले. १९८३ मध्ये डीचर्नी आणि पोलन यांनी प्रोस्टेट ग्रंथी कापण्याचे विजेचे उपकरण याच कामी आणले. आता दिसू लागले. पण त्यासाठी गर्भाशय द्रवाने फुगवावे लागे. तो द्रव रक्तात फार शिरला तर जिवावर बेते. शिवाय सर्जनचा हात सरावलेला लागे.

पुढच्या उपकरणांनी ही अट सैल केली. १९९० च्या दशकातील एका पद्धतीत गर्भाशयात फुगा ठेवून त्यात सुमारे ८७ अंश सेल्सिअसचा द्रव आठ मिनिटे ठेवत. दुसऱ्या पद्धतीत धातूच्या जाळीतून वीजप्रवाह देतात. ऊतकातले पाणी आटते तसा विद्युतरोध वाढतो. ठरावीक रोध आला की यंत्र आपोआप थांबते. वर्गातील ओहमचा नियम येथे असा उपयोगी पडतो.

तुलनेत रक्तस्राव कमी होणे आणि स्त्रियांचे समाधान नव्या-जुन्या पद्धतींत जवळपास सारखेच आढळले. नव्यांना वेळ कमी लागतो, धोकाही कमी. मात्र काहींना पुढे गर्भाशय काढावेच लागते. पुढे मूल हवे असल्यास किंवा कर्करोगाची शंका असल्यास हा उपचार करत नाहीत.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. पाळीच्या त्रासाने एक खाडा झाला तरी मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण. त्या साऱ्यांना अस्तर जाळण्याचा उपाय लागू पडला असता असे नव्हे. अनेकींना औषधांनीही भागले असते. म्हणून ‘पिशवी काढा’ असे कोणी सांगितले, तर ‘त्याआधी काय करून पाहता येईल?’ हा प्रश्न आपल्या विद्यार्थिनींना विचारता आला पाहिजे.