सांबा : संगणकांमध्ये फाइल सामायिक करणारी मुक्त आज्ञावली

'सांबा' ही निरनिराळ्या कार्यप्रणालींवर चालणाऱ्या संगणकांना एकाच नेटवर्कवर फाइल आणि प्रिंटर सामायिक करू देणारी मुक्त आज्ञावली आहे. ती बसवलेला लिनक्स किंवा युनिक्स संगणक विंडोज संगणकांना नेहमीच्या फाइल सर्व्हरसारखाच भासतो.

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील पीएच.डी.चे विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस तिचे काम सुरू केले. नेटवर्कवरून जाणारे संदेश निरखून त्यांनी 'एसएमबी' या प्रोटोकॉलचे नियम उलगडले. एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द शोधताना 'सांबा' हे नाव सापडले.

मात्र या पद्धतीला मर्यादा होत्या. प्रतिस्पर्ध्यांना आवश्यक तांत्रिक माहिती न दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला. २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या करारानुसार, १० हजार युरो एवढे एकरकमी शुल्क भरल्यानंतर ही माहिती सांबाच्या विकासकांना उपलब्ध झाली. २०१२ मध्ये आलेल्या 'सांबा ४' मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी सुसंगत सर्व्हर समाविष्ट झाला.

सांबा जीपीएल परवान्याखाली विनामूल्य मिळते. तिचा सोर्स कोड कोणालाही तपासता व बदलता येतो. तरीही २०१० पासूनच्या आवृत्त्यांमधील एक गंभीर सुरक्षा त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली. दुरुस्ती तत्काळ प्रसिद्ध करण्यात आली. परंतु ती प्रत्येक सर्व्हरवर बसवण्याची जबाबदारी वापरकर्त्या संस्थांवरच राहिली.