लीलावती : कोड्यांतून गणिताची उजळणी

१/ भुंग्यांच्या थव्यातील पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याकडे वळले. एकच भुंगा हवेत घुटमळत राहिला. तर थवा किती भुंग्यांचा? भास्कराचार्यांनी हा प्रश्न इ.स. ११५० मध्ये 'लीलावती'त घातला.

२/ त्या काळी आकडेमोड धूळ पसरलेल्या पाटीवर होत असे. नवे गणित मांडायचे तर आधीचे पुसावे लागे. त्यामुळे रीती श्लोकबद्ध करून मुखोद्गत केल्या जात. परंतु श्लोक पाठ असणे निराळे आणि तो कोठे लावावा हे उमगणे निराळे. म्हणून 'लीलावती'त रीतीपाठोपाठ उदाहरण येते आणि ते बहुधा कोड्याच्या रूपात असते.

३/ भुंग्यांचे कोडे 'इष्टकर्मा'चे आहे. सोयीची संख्या धरा, समजा ३०. मग ६, १० आणि फरकाच्या तिप्पट १२, असे २८ भुंगे गेले, उरले २. प्रत्यक्षात उरला आहे १. म्हणजे धरलेल्या संख्येच्या निम्मे, १५ भुंगे. एका कोड्यात अपूर्णांक, वजाबाकी आणि प्रमाण या तिन्हींची उजळणी झाली.

४/ पुढे कोडी अवघड होत जातात. अखेरच्या 'अंकपाश' प्रकरणात शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंची अदलाबदल करून किती रूपे होतील, असा प्रश्न आहे. उत्तर : ३६,२८,८००.

५/ घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि कन्येच्या सांत्वनासाठी ग्रंथ रचला गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. मूळ ग्रंथात ती नाही; अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ती आढळते. ग्रंथातील संबोधने मात्र अनेक आहेत : कोठे 'बाले', कोठे 'सखे', कोठे 'गणक'. त्यांतून समोर बसलेला विद्यार्थीच अधिक जाणवतो.

६/ असे विद्यार्थी पुढेही मिळावेत याची तजवीज घराण्याने केली. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या बाजारातील मालावरचा राजाचा कर मठास दिल्याची नोंद त्यात आहे. बाजारात मालाची विक्री होई आणि त्यातून गणिताची पाठशाळा चाले.

७/ आता तुमची पाळी. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघतो. त्याच क्षणी मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग समान. बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल? पाटी घ्या, कर्णाची रीत आठवा आणि उत्तर खाली लिहा.