जंजिऱ्याचे पाणी आत, भात बाहेर

उर्दू माध्यमातली मुले 'जंजिरा' ऐकली की हमखास 'जंजीर' म्हणजे साखळी समजतात. मूळ शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट. स्पेनमधल्या अल्जेसिरास बंदराच्या आणि अल्जीरिया देशाच्या नावातही हाच शब्द आहे. भूमध्य समुद्र कुठे आणि आपल्या रायगड जिल्ह्यातले मुरूड कुठे, पण दर्यावर्दी लोकांबरोबर शब्दही प्रवास करतात.

हा किल्ला 'अजिंक्य' होता, एवढे आपल्याला पाठ असते. मला मात्र नेहमी वाटते, की सुमारे बावीस एकरांच्या या खडकावर माणसे राहत कशी होती, हे आपण कुणाला विचारतच नाही. चारी बाजूंना खारे पाणी, आणि तटाच्या आत गोड्या पाण्याचे दोन तलाव! कलालबांगडी तोफेपेक्षा मी या तलावांना जास्त मानतो. तहानलेला किल्ला कितीही तोफा असल्या तरी फार दिवस लढत नाही.

पण पाणी पिऊन पोट भरत नाही. खडकावर भात पिकत नाही. तांदूळ, नारळ, लाकूडफाटा, सगळे समोरच्या किनाऱ्यावरून यायचे. सिद्द्यांच्या या मुलखाला 'हबसाण' म्हणत, कारण सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी. म्हणूनच मराठे आणि सिद्दी यांची खरी झुंज बेटाइतकीच दंडा-राजपुरीच्या किनाऱ्यासाठी चालली. शिवाजी महाराजांनी दंडा-राजपुरी घेतली होती. 1671 च्या होळीच्या सुमारास सिद्दी कासीमने ती परत मिळवली आणि बेटाचा श्वास मोकळा झाला. महाराजांनी जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून बेटापर्यंत वाट काढायला घेतली. मोगल फौजा कोकणात उतरल्याने ते काम अर्धे राहिले.

या लढाईला हिंदू-मुसलमान असा रंग देणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. मराठ्यांच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता. सिद्द्यांनीही निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा वेगवेगळ्या धन्यांची चाकरी केली. आणि कोळी? परंपरा सांगते, की या बेटावर आधी कोळ्यांचाच लाकडी मेढेकोट होता आणि त्यांचा पुढारी राम पाटील. पुढे तटाला शिड्या लावण्याच्या मराठ्यांच्या प्रयत्नात लाय पाटील नावाच्या कोळ्याचेच नाव येते. कोणाच्याही बाजूने असो, त्या भरती-ओहोटीची नस कोळ्यांनाच ठाऊक होती.

विसाव्या शतकातले जंजिरा संस्थान तर उर्दूच्या शिक्षकाला वेगळ्याच कारणाने जवळचे वाटते. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली 1908 साली युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले. तोवर नवाबांचा राजवाडा मुरूडच्या किनाऱ्यावर आला होता. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. त्यानंतरही काही कुटुंबे तटाच्या आत राहत होती. हळूहळू तीही किनाऱ्यावर आली. शाळा, दवाखाना, बाजार, सगळे पलीकडे. पावसाळ्यात समुद्र खवळला की होडी बंद.

आता राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या पर्यटकांना नेतात. तोफेपाशी गर्दी असते. तलावाकडे लोक जेमतेम दोन मिनिटे थांबतात. पायऱ्या शाबूत आहेत, पाणी हिरवे पडले आहे, आणि भोवती पडक्या घरांची जोती दिसतात.