ढगाचे नाव डोंगराला

मंगळावरील ऑलिंपस मॉन्स हा सूर्यमालेतील ज्ञात ज्वालामुखींमध्ये सर्वांत उंच असून त्याची उंची सुमारे २२ किलोमीटर आणि पायथ्याचा व्यास सुमारे ६०० किलोमीटर भरतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच्या नावाची कुळकथा डोंगरापासून नव्हे, तर ढगापासून सुरू होते.

मिलान येथील ब्रेरा वेधशाळेतून जोव्हान्नी शियापारेल्ली यांनी १८७९ मध्ये मंगळावर एक पांढुरका ठिपका टिपला आणि त्याला ‘निक्स ऑलिंपिका’, म्हणजे ऑलिंपसचे हिम, असे लॅटिन नाव दिले. जिथे डोंगर असल्याचा कोणालाच पत्ता नव्हता त्या जागेला डोंगराचे नाव मिळावे, हा योगायोग म्हणावा काय? तसे मानणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही, कारण शियापारेल्लींचा सगळा नकाशाच प्राचीन भूगोल, पुराणकथा आणि बायबल यांतील नावांनी भरलेला असून शेजारच्या प्रदेशाचे ‘थार्सिस’ हे नावही बायबलातलेच आहे. तथापि पांढऱ्या डागावरून उंच जमिनीचे अनुमान काढण्याची रीत त्याआधीच पडली होती. ऑर्म्सबी मिचेल यांना १८४५ मध्ये मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ, हिमटोपी मागे सरत असतानाही टिकून राहिलेला एक पांढरा भाग दिसला होता आणि त्यावरून तेथे पर्वत कल्पिले गेले. हे ध्यानात घेता शियापारेल्लींच्या नावामागे पौराणिक हौसेबरोबर उंचीचा तर्कही असावा, हेच मत अधिक पटते. त्या तर्काचा भरवसा मात्र बेताचाच होता, कारण मिचेल यांच्या जागी पुढे उंच शिखरे काही निघाली नाहीत.

ऑलिंपसवर तर्क बरोबर ठरला, पण पुरावा भलताच होता. तो पांढरेपणा जमिनीवरील बर्फाचा नव्हे, तर पर्वतजन्य ढगांचा असतो: उतारावरून वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे हिमकण बनतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग साचतात तेही हवा अशीच वर ढकलली गेल्यामुळे. मंगळावर पाऊस तेवढा पडत नाही.

डोंगराचा प्रत्यक्ष शोध धुळीमुळे लागला. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ हे यान मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाखाली झाकलेला होता आणि धुळीच्या वर चार काळसर ठिपके तेवढे दिसत होते, त्यांतला एक नेमका निक्स ऑलिंपिकाच्या जागी. धूळ खाली बसली तशी ती चार ज्वालामुखींची माथ्यावरील विवरे असल्याचे उघड झाले. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने नावातील हिम वगळून ‘मॉन्स’, म्हणजे पर्वत, हा शब्द योजला. ढग मात्र आजही त्या उतारांवर जमतात आणि यानांच्या छायाचित्रांत उमटतात.