खर्जाचा शोध : चित्रपटगृह ते दिवाणखाना – सबवूफरच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

मंद्र सप्तकातील षड्जाला आपल्याकडे ‘खर्ज’ म्हणतात आणि व्यवहारात कोणत्याही खोल, भारदस्त आवाजाला तेच नाव मिळाले आहे. घरी प्रथमच होम थिएटर आणणाऱ्या ग्राहकाची तक्रार बहुधा या खर्जाविषयीच असते. आवाज मोठा येतो, खिडक्यांची तावदाने थरथरतात, परंतु तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा वाजत नाही. उपाय म्हणून अधिक वॅटचा सबवूफर आणला जातो, पैसे खर्च होतात आणि तक्रार मात्र तशीच राहते.

या तक्रारीचे मूळ यंत्राच्या किमतीत नसून त्याच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सबवूफरमध्ये दोन भिन्न परंपरा एकत्र आल्या आहेत. एक संगीत जसे आहे तसे ऐकविण्याची आणि दुसरी प्रेक्षकाला हादरविण्याची. या दोन्ही परंपरांचा मागोवा घेणे आणि त्यातून नवख्या श्रोत्यासाठी व्यावहारिक निष्कर्ष काढणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

खर्जाची मूळ अडचण :

आजच्या स्पीकरचे मूळ रूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ मधील संशोधनात सापडते. चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू, ही त्यांची रचना आजही कायम आहे. मात्र खर्जाच्या बाबतीत या रचनेला निसर्गाचाच अडथळा आहे. तोच शंकू ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झवर तितक्याच दाबाचा ध्वनी निर्माण करू पाहील, तर त्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. शिवाय कानही खर्जाला कमी दाद देतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी १९३३ मध्ये समान प्रबलतेच्या वक्ररेषा प्रसिद्ध करून हे दाखवून दिले. आजच्या प्रमाणानुसार १००० हर्ट्झचा स्वर शून्याच्या आसपासच्या डेसिबलवरच ऐकू येऊ लागतो, तर २० हर्ट्झसाठी सुमारे ७८ डेसिबल लागतात. लहान स्पीकरमधून खर्ज का येत नाही, याचे उत्तर या दोन वस्तुस्थितींत आहे.

यावरील पहिला उपाय मोठी पेटी हा होता. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत पेटीला छिद्र ठेवून शंकूच्या मागील बाजूचा ध्वनीही उपयोगात आणला गेला. याउलट एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमध्ये पेटी पूर्ण बंद केली आणि आतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यामुळे लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला, पण त्यासाठी अधिक शक्तीचा अॅम्प्लिफायर लागू लागला. याच वर्तुळातील अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘लोहनियम’ असे सांगतो की लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी साधतात. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या साऱ्याला गणिती रूप दिले. अंदाजाने पेटी बनविण्याचा काळ तेथे संपला.

हादरविण्याची परंपरा :

दुसरी परंपरा चित्रपटगृहातील आहे. १९७४ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी ‘सेन्सराउंड’ पद्धती आणली. भूकंपाच्या प्रसंगी प्रचंड स्पीकरमधून खोल गडगडाट सोडला जाई. हॉलिवूडच्या एका प्रसिद्ध चित्रपटगृहात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली. ही घटना गमतीची वाटली तरी तिच्यातील बोध महत्त्वाचा आहे. खर्ज केवळ स्पीकरमधून येत नाही. संपूर्ण वास्तू त्यात सहभागी होते.

१९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मि.मी. प्रतींमध्ये पडद्यामागील दोन ध्वनिमार्ग केवळ खर्जासाठी राखून ठेवले गेले. पुढे टॉमलिन्सन होलमन यांनी १९८७ मध्ये ‘५.१’ ही संज्ञा पुढे आणली. यातील ‘.१’ म्हणजे साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्ज-परिणामांचा स्वतंत्र मार्ग. १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटलद्वारे तो चित्रपटगृहांत रूढ झाला आणि १९९६-९७ पासून डीव्हीडीमुळे घरात पोहोचला.

दिवाणखान्यातील पेच :

चित्रपटगृहासाठी घडलेली ही पद्धती लहान खोलीत आली तेव्हा खरा पेच निर्माण झाला. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत हाच ध्वनी समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण करतो. भिंतीलगत तो अवाजवी मोठा भासतो, तर खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही ३ मीटर असतील, तर सुमारे ५७ हर्ट्झचा अनुनाद दोन दिशांनी एकत्र येतो आणि तो एकच स्वर घुमत राहतो. श्रोत्याला ‘धम्मधम्म’ वाटते ते हेच.

आपल्याकडील घरांत ही समस्या अधिक तीव्र होते. अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या, पातळ फलकांच्या भिंती खर्जाचा काही भाग शोषून घेतात. काँक्रीट आणि विटांच्या भिंती तो परत खोलीत फेकतात. म्हणून तेथील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

स्वस्त संचांत आणखी एक दोष संभवतो. सोबतचे स्पीकर फार लहान असले की १५० हर्ट्झच्या वरचा भागही सबवूफरकडे सोपवावा लागतो. मग पुरुषी आवाजाचा काही अंश पडद्याऐवजी कोपऱ्यातून ऐकू येतो. सुमारे ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा सहज कळत नाही. म्हणून ही सीमा सर्वमान्य झाली आहे.

नवख्या श्रोत्यासाठी बोध :

या इतिहासातून पुढील क्रम सुचतो.

१) सबवूफर खरेदीआधी जागेचा विचार करावा. आसन खोलीच्या ऐन मध्यावर नसावे.

२) सबवूफर तात्पुरता आपल्या आसनाच्या जागी ठेवून खर्जयुक्त संगीत लावावे आणि भिंतींच्या कडेने फिरत ऐकावे. जेथे प्रत्येक खर्ज स्वर सारखा ऐकू येईल, तेथे सबवूफर ठेवावा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या अन्योन्यतेच्या तत्त्वावर ही युक्ती आधारलेली आहे. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण तो सर्वांत समतोल असेलच असे नाही.

३) रिसीव्हरमध्ये लहान स्पीकर ‘स्मॉल’ असे नोंदवून सीमा ८० हर्ट्झपासून तपासावी. अशा वेळी सबवूफरवरील सीमेचे बटण कमाल ठेवावे, अन्यथा दोनदा गाळणी लागते.

४) फेजचे बटण दोन्ही स्थितींत ऐकून ज्यात खर्ज भरीव वाटेल ती स्थिती ठेवावी.

५) पातळी शेवटी ठरवावी आणि ती परिचित संगीतावर ठरवावी, स्फोटाच्या दृश्यावर नव्हे.

टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून असे दिसले की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर निरनिराळ्या आसनांवरील फरक बराच कमी करतात. म्हणजे पुढे खर्च करायचाच झाला, तर एका अजस्र सबवूफरपेक्षा दोन मध्यम सबवूफर अनेकदा हितकारक ठरतात.

समारोप :

व्हिलचर यांना खर्जात सत्यता हवी होती, सेन्सराउंडला थरार. बाजारातील जाहिरातींनी थरार उचलला आणि नवखा ग्राहक वॅटच्या आकड्यांत अडकला. इतिहास मात्र सांगतो की स्पीकर, खोली आणि कान हे तिन्ही मिळून एक वाद्य होते. यांपैकी स्पीकरच तेवढा दुकानात मिळतो. उरलेल्या दोहोंकडे लक्ष द्यायला पैसे लागत नाहीत. शिवाय सदनिकेतील खर्ज भिंत ओलांडून शेजारच्या घरातही पोहोचतो. समतोल बसविलेला खर्ज कमी पातळीवरही समाधान देतो. म्हणून सबवूफर नीट मांडणे हा रसिकतेचा जसा भाग आहे, तसाच शेजारधर्माचाही आहे.