नऊवार घोंगडं ते आठवारी किल्ट

आज गोष्ट आहे एका कपड्याची, आणि तोही पुरुषांच्या. टीव्हीवर तुम्ही पाहिला असेल. गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा, मागे चुण्या घातलेला घागरा नेसून पिशवीसारखं वाद्य फुंकणारा गोरा बाप्या. त्या घागऱ्याला किल्ट म्हणतात आणि तो आहे स्कॉटलंडचा, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला असलेल्या थंड, डोंगराळ मुलखाचा.

आज तिथल्या साध्या माणसालाही प्रश्न पडतो, की रोज घालायला परवडेल असा किल्ट घ्यायचा तरी कोणता? कारण हाताने शिवलेला चांगला लोकरी किल्ट काहीशे पौंडांना पडतो. त्यामुळे बरेच जण लग्नापुरता तो भाड्याने आणतात. नवल असं, की हाच कपडा एके काळी गुराख्याचा होता, मेंढपाळाचा होता. मग गरिबाचं वस्त्र गरिबालाच महाग का झालं? त्यासाठी चारशे वर्षं मागे जावं लागेल.

सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या डोंगरी भागातले पुरुष जो किल्ट नेसायचे, तो शिवलेला नव्हताच. ते एक लांबलचक लोकरी कापड होतं. हातमाग अरुंद, म्हणून आठ-नऊ वार कापड विणायचं, मधोमध कापायचं आणि दोन तुकडे लांबीला जोडून रुंद करायचं. हिशेब पाहिलात का? आपल्या नऊवारीएवढंच. कमरेशी चुण्या घालून वर पट्टा बांधायचा आणि उरलेलं कापड खांद्यावर घ्यायचं. पाऊस आला की तेच डोक्यावर, रात्र झाली की पट्टा सोडून तेच अंगावर. म्हणजे नेसायला नऊवारी आणि पांघरायला धनगराचं घोंगडं, दोन्ही कामं एकाच कापडात. खिसा नसायचा, म्हणून कमरेला पुढे चामड्याचा बटवा.

हे कापड तयार करण्यात बाईचे हात फार होते. लोकर पिंजायची, टकळीवर कातायची, रंगवायची. आपण गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच जातकुळीचं, खडकावर वाढणारं दगडफूल उकळून त्या लोकरीला तांबूस तपकिरी रंग द्यायच्या. कापड विणून झालं की ते घट्ट करायचं काम असे. साठवून शिळं केलेल्या मूत्रात कापड भिजवायचं. हसू नका, साबण-सोड्याच्या आधी जगात बऱ्याच ठिकाणी हीच रीत होती. मग बायका लांब फळीभोवती समोरासमोर बसायच्या आणि ओलं कापड तालात आपटत, पुढे सरकवत राहायच्या. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. आपल्याकडे जात्यावर ओव्या झाल्या, तशी तिकडे या फळीवर गाणी झाली. माहेर, प्रेम, समुद्रात गेलेला माणूस, सगळं त्या गाण्यांत यायचं.

अठराव्या शतकात खांद्यावरचा भाग गेला आणि कमरेखालचा आखूड किल्ट आला. चालता-फिरताना, काम करताना तो सोयीचा होता.

मग 1746 साल उजाडलं. राजगादीच्या भांडणात डोंगरी भागातले पुष्कळ लोक लंडनच्या राजाविरुद्ध उठले होते. 16 एप्रिलला कलोडनच्या माळावर त्यांचा पराभव झाला. त्यानंतर सरकारने कायदाच केला. 1 ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी किल्ट किंवा डोंगरी पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपार. विचार करा, आईने कातलेलं कापड अंगावर घेतलं हा गुन्हा.

सूट होती ती सरकारी फौजेतल्या शिपायाला. सरकारसाठी लढणार असाल तर किल्ट घाला, शेतात जाणार असाल तर घालू नका. त्या डोंगरी मुलखातून पुढे पलटणींमागून पलटणी उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोन, 74वी आणि 78वी, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईपर्यंत आल्या आणि 1803 साली मराठ्यांच्या फौजेशी लढल्या.

कायदा रद्द झाला 1782 साली. मधे पस्तीस वर्षं गेली. एवढ्या काळात एक पिढी विजार घालून वाढली. सवय तुटली की कपडा रोजचा राहत नाही, सणाचा होतो.

तोवर कापडाचा धंदाही बदलला होता. बॅनकबर्न गावातली विल्सन नावाची पेढी फौजेसाठी आणि बाजारासाठी चौकड्यांची कापडं ठरावीक नमुन्यांत विणू लागली. 1819 साली त्यांची नमुन्यांची वहीसुद्धा तयार होती. अमुक घराण्याची अमुक चौकड ही गोष्ट आपल्याला फार पुरातन वाटते, पण ती पक्की झाली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी जवळ मिळेल तो रंग, विणकराचा हात आणि नेसणाऱ्याची आवड यांवरच चौकड ठरायची.

1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्वागताची आखणी लेखक वॉल्टर स्कॉट यांनी केली आणि मोठमोठे लोक किल्ट घालून मिरवले. राजाच्या स्वतःच्या डोंगरी पोशाखाचं बिल झालं तेराशे पौंडांच्या वर! त्याच काळात तिकडे डोंगरात काय चाललं होतं? जमीनदार मेंढ्या पाळायला कुरणं हवीत म्हणून कुळांना घरांतून बाहेर काढत होते. कुणी समुद्रकाठी गेलं, कुणी कॅनडाला. ज्यांच्या घरात हा कपडा जन्मला ते देशोधडीला लागले आणि कपडा दरबारात गेला. किल्ट महाग झाला तो असा. कापड, चुण्या, बक्कल यांच्या किमतीवर मानाची किंमतही चढली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजच्या बाजारात तीन-चार वाटा आहेत. पहिली आठवारी, जाड लोकरीची, हाताने शिवलेली. हिच्या चुण्या वजनाने नीट पडतात, आणि बक्कल सरकवून लावता येतात म्हणून थोडं अंग वाढलं तरी चालतं. दुसरी चारवारी. लोकर तीच, कापड निम्मं, त्यामुळे हलकी आणि स्वस्त. रोज घालायला हीच सोयीची. तिसरी पॉलिस्टर-व्हिस्कोसची किंवा ॲक्रिलिकची. अशा स्वस्त किल्टांतला बराच माल पाकिस्तानातून, सियालकोटकडून येतो. धुवायला सोपी, पण ॲक्रिलिकवर लवकर गोळे येतात. चौथी, कुणीतरी वापरलेला जुना लोकरी किल्ट. जाणकार पुष्कळदा हीच वाट धरतात, कारण चांगली लोकर पिढीभर टिकते. शिवाय गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डेनिमचे, जाड सुती कापडाचे, खिसे असलेले किल्टही आले. अमेरिकेतल्या सिएटल शहरात 2000 सालापासून असे कामाचे किल्ट बनू लागले. घराण्याच्या चौकडीची सक्ती नाही, साधा एकरंगी चालतो. इतिहास माहीत असला की चौकडीच्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

कापड पारखायची एक युक्ती आपल्यालाही कामाची आहे. काठाचा एक धागा काढून जपून जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. प्लास्टिकचा धागा असेल तर वितळून कडक मणी होतो. शाल, स्वेटर, घोंगडी, काहीही घेताना ही परीक्षा करता येते.

आणि आपला बचत गटातला हिशेब लावा. समजा एक कपडा साठ रुपयांना मिळाला आणि तीस वेळा घालून फाटला, तर एका वेळेचे दोन रुपये. दुसरा तीनशेला मिळाला आणि सहाशे वेळा घातला, तर एका वेळेचे आठ आणे. आता स्वस्त कोणता? पण तीनशेचाच कपडा पेटीत ठेवून वर्षातून एकदा काढला, तर त्याच्याएवढा महाग दुसरा नाही. किल्टच्या गोष्टीत हेच दिसतं. कपडा रोज वापरात होता तोवर तो गरिबालाही परवडत होता. नुसता मिरवायचा झाला आणि हाताबाहेर गेला.

आपल्याकडेही नऊवारी शेतातून निघून लग्नाच्या फोटोत चालली आहे, आणि घोंगडं विणणारे हात कमी होत आहेत. ते हात टिकवायचे तर त्यांनी केलेलं कापड वापरात राहायला हवं. या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने घरातला सगळ्यात जास्त वापरलेला कपडा घेऊन या. तो कुणी विणला, किती वर्षं चालला, एका दिवसाला कितीला पडला, ते मांडा. हिशेब वहीत लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. रामराम.